बास वाचवायला बाकीचे शिकारी मासे मारावेत का?

पोटोमॅकवाला
मासेमारीवरचा धागा बऱ्याच दिवसांत वर आलेला दिसला नाही, म्हणून नवा काढतोय. मी मेरीलँडमध्ये असतो. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी पोटोमॅक नदीच्या फाट्यावर, मॅटावुमन क्रीकवर, गळ टाकणं हा छंद. मुख्य मासा लार्जमाउथ बास. आमचा छोटा गट आहे, मी आणि अजून एक मराठी, बाकी सगळे इथलेच. सध्या आमच्यात एका गोष्टीवरून जुंपली आहे.

बास लागला की हात ओले करून धरायचा, फोटो काढायचा, पाण्यात धरून जरा दम घेऊ द्यायचा आणि सोडायचा. भलते लाड असतात त्याचे. तोच माणूस स्नेकहेड, बोफिन किंवा गार असा दुसरा शिकारी मासा लागला की डोक्यात दणका घालतो आणि झुडपात भिरकावतो. खात नाही, घरी नेत नाही. काठावर माश्या घोंघावत असतात. कारण विचारलं तर एकच उत्तर, 'हे बासची पिल्लं खातात.'

स्नेकहेड आशियातून आलाय, त्याच्याबद्दलचा राग कळतो. पण बोफिन आणि गार तर या खंडाचे जुने रहिवासी. आणि मुळात, मारून बास वाढतो का? तुमचं मत आणि अनुभव सांगा.

कट्ट्यावरचा
पहिल्या रांगेत जागा धरली. शाकाहारी मंडळी येईपर्यंत शांतता राहील असा अंदाज.

बासभक्त
मी व्हर्जिनियात आहे, त्याच नदीच्या पलीकडच्या काठाला. माझं उत्तर सरळ आहे: मारायचे.

भावनेच्या भरात बोलत नाहीये. मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ब्लॅकवॉटर नदीची पाणथळ आहे. तिथे स्नेकहेड येण्याआधी आणि आल्यानंतर अशी माशांची पाहणी झाली. दोन्ही वेळा सापडलेल्या २१ जातींपैकी १७ घटल्या होत्या. सतरा! आणि निसर्गप्रेमी मंडळी म्हणणार, निसर्ग आपोआप समतोल साधतो. साधतो की, आपले मासे संपल्यावर.

बोटी, गॅरेज, मोटेल, आमिषाची दुकानं, या नदीवर किती लोकांची पोटं बासच्या स्पर्धांवर चालतात ते बघा. गारच्या जिवावर कोणाचं घर चालत असेल तर सांगा.

मीरा_जलचर
मत्स्यशास्त्रात शिकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोटोमॅकवाला, तुम्ही तीन वेगळे मासे एकाच पोत्यात भरलेत. तुमच्या गटाचीही तीच गडबड आहे. एकेक सोडवू.

स्नेकहेड (चन्ना आर्गस): चीन-कोरियाकडचा. २००२ मध्ये मेरीलँडच्या क्रॉफ्टनमधल्या एका तळ्यात सापडला. कुणीतरी न्यूयॉर्कच्या बाजारातून जिवंत जोडी सूपसाठी आणली होती आणि मग तळ्यात सोडून दिली. सरकारने रोटेनोन हे माशांचं विष टाकून तळंच्या तळं मारलं, हजारावर पिल्लं निघाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने हा मासा जिवंत आणायला आणि राज्याबाहेर न्यायला बंदी घातली. तरी २००४ मध्ये पोटोमॅकमध्ये सापडलाच. जनुकं तपासली तर ते क्रॉफ्टनच्या जोडीचे वंशज नव्हते. म्हणजे अजून कुणीतरी, अजून कुठेतरी सोडले होते.

तो काय खातो, हेही पाहिलं गेलं आहे. पोटोमॅकच्या खालच्या भागात त्याचं आणि बासचं पोट तपासलं तर दोघांचा आहार बराच एकमेकांवर चढतो. किलिफिश, ब्लूगिल वगैरे छोटे मासे. म्हणजे तो बासच्या ताटात वाटेकरी आहे, हे खरं. पण बासचाच फडशा पाडतो असं काही त्या पोटांतून निघालं नाही. उलट बास बासची पिल्लं खातो, तेही मजेत.

बासभक्त, ब्लॅकवॉटरचे आकडे तुम्ही बरोबर दिलेत. ते मी नाकारत नाही. पण ती उथळ दलदल आहे. भरती-ओहोटीच्या मोठ्या नदीला तेच गणित जसंच्या तसं लावता येत नाही.

आता बोफिन. अंधाऱ्या पाण्यात तो आणि स्नेकहेड सारखे दिसतात. लांबट अंग, पाठीवर लांबच्या लांब पर. ओळख पोटाखाली आहे. मासा उलटा करा. शेपटीकडचा खालचा पर आखूड असेल तर बोफिन, लांबलचक असेल तर स्नेकहेड. पोटावरचे जोडपर बोफिनला अंगाच्या मध्याशी असतात, स्नेकहेडला थेट गळ्याजवळ. बोफिनच्या खालच्या जबड्यात दोन हाडांच्या मध्ये एक टणक हाडाची पट्टी असते, बोट लावलं की कळते. नराच्या शेपटीच्या मुळाशी काळा डाग, भोवती नारिंगी कडा. एवढं बघायला दहा सेकंद लागतात. दणका घालायला दोन. म्हणून बोफिन मरतात.

कट्ट्यावरचा
हा प्रतिसाद वाचनखुणांत टाकला. पोटाखाली बघायचं हे एका वाक्यात लक्षात राहील.

खवय्या_सोलापूरकर
थांबा थांबा. तुम्ही ज्याला स्नेकहेड म्हणताय ती आपली मरळ ना? तिच्या घराण्यातली तरी? आणि लोक ती झुडपात टाकताहेत?! अरे देवा.

भीमेकाठच्या माणसाला विचारा मरळ म्हणजे काय. काटा कमी, मांस घट्ट, लहान पोरालाही बिनधास्त वाढावी. बाजारात पाण्याच्या घमेल्यात जिवंत असते आणि तासन् तास जिवंतच राहते, कारण हवेतून श्वास घेते. अंगाला बुळबुळीतपणा फार. घरी आणली की आजी चुलीतली राख चोळायची, मग खवले काढायची. राखेशिवाय हातात ठरतच नाही. पुढे सुकं खोबरं, कांदा भाजून वाटण, काळा मसाला, वरून तेलाचा तवंग. बाजरीची भाकरी. संपलं.

पोटोमॅकवाला, पुढच्या वेळी काठावर टाकू नका. कुरिअर करा.

मीरा_जलचर
हो, त्याच चन्ना कुळातली. कुरिअर मात्र मेलेल्या माशाचंच करावं लागेल. जिवंत नेला तर तुमच्यासाठी वाटण नाही, वकील लागेल. :)

गंमत अशी की फ्लोरिडात ब्रोवर्ड काउंटीत जी स्नेकहेड आहे, ती बरीच वर्षं चन्ना मारुलियस, म्हणजे आपल्याकडच्या नद्यांतली मोठी मरळ, म्हणूनच ओळखली जायची. साधारण २००० पासून तिथल्या कालव्यांत आहे.

टॅम्पाकर
दुजोरा. मी एकदा फ्लोरिडाच्या दक्षिणेला पाहिली. शेजारी उभा असलेला म्हातारा 'इन्व्हेसिव्ह, इन्व्हेसिव्ह' म्हणून ओरडत होता आणि मला मामाच्या गावची आठवण येत होती. त्याच कालव्यात पीकॉक बास आहे, तो दक्षिण अमेरिकेतला. तो मात्र सरकारनेच १९८४ मध्ये सोडला. कारण काय, तर आधी घुसलेले परदेशी मासे खाऊन टाकेल. आता तो गळवाल्यांचा लाडका. त्याच्या नावाने मार्गदर्शक बोटी चालवतात. त्याला कुणी दणका घालत नाही.

बासभक्त
खाणार असाल तर माझा काहीच विरोध नाही. मी स्वतः स्नेकहेड तळून खाल्ला आहे, उत्तम लागतो. मेरीलँडने तर २०२४ मध्ये त्याचं अधिकृत नाव 'चेसापीक चन्ना' केलं, लोकांनी खावा म्हणून. माझा मुद्दा एवढाच की तो परत पाण्यात जाता कामा नये. मीराताई, हे तरी मान्य?

मीरा_जलचर
स्नेकहेडबद्दल पूर्ण मान्य. पकडला की मारा आणि खा. फक्त बोफिनला त्याच्या यादीत घालू नका.

चंद्रभागा
मी मासे खात नाही, पकडत नाही, पण एक विचारते. खाण्यासाठी मारणं मला समजतं. छंदासाठी एका माशाच्या तोंडात आकडा घालून सोडायचा आणि दुसऱ्याला झुडपात तडफडू द्यायचं, यात दयाळू नक्की कोण?

कट्ट्यावरचा
आल्या.

पोटोमॅकवाला
चंद्रभागाताई, प्रश्न रास्त आहे आणि मला टोचतो. पण त्या वाटेने गेलो तर धागा 'मासेमारी करावी का'वर जाईल आणि तो आपल्याकडे दर वर्षी निघतोच. इथे एवढंच म्हणतो की तडफडत सोडणं कुठल्याच माशाच्या बाबतीत मला पटत नाही. मारायचाच तर चटकन.

शेततळं_कराड
अमेरिकेचं मला काही माहीत नाही. आमचं तळं आहे, रोहू-कटला सोडतो. बीज सोडायच्या आधी आम्ही तळ्यातली झाडून सगळी मरळ मारतोच. मोहाची पेंड टाकायची, हेक्टरी दोन-अडीच टन. मासे वर येऊन पडतात. दोन-तीन आठवडे पाण्यात विषाचा जोर असतो, मग तीच पेंड खत होते, आणि त्यानंतर बीज सोडायचं. मरळ ठेवली तर बोटाएवढं बीज चार दिवसांत साफ. यात पाप-पुण्य कसलं? ज्याचं तळं त्याचा मासा.

तळ्यातनं काढलेली मरळ बाजारात कटल्यापेक्षा जास्त भावाने जाते, हे मात्र खरं. मोठ्या आधी जाळ्याने ओढून घेतो, पेंड नंतर.

मीरा_जलचर
शेततळं, तुमचं म्हणणं तुमच्या तळ्यापुरतं बिनचूक आहे. तळ्याला बांध आहे, तुम्ही रिकामं करता, पुन्हा भरता. नदीला ते लागू नाही. एक जागा रिकामी केली की वरून-खालून दुसरे येतात. अर्कान्सामध्ये २००९ च्या सुरुवातीला स्नेकहेडसाठी ओढे, कालवे, डबकी मिळून मैलोन् मैल रोटेनोन टाकलं. तरी ते संपले नाहीत. सरकारला जमलं नाही ते शनिवारी गळ घेऊन बसलेल्या माणसाला जमेल का? खाल्ल्याने थोडा दाब राहतो, एवढंच.

सिॲटलची_सई
'दाब राहतो एवढंच' याला थोडं अडवते. इकडे कोलंबिया नदीवर नॉर्दर्न पाइकमिनो नावाचा मासा आहे, अस्सल तिथलाच. तो सामनची पिल्लं खातो म्हणून १९९० पासून त्याच्यावर बक्षीस आहे. नऊ इंच किंवा त्यापेक्षा मोठा आणून द्या, सहा डॉलरपासून पुढे पैसे घ्या. आधी खूण लावून सोडलेला मासा असेल तर पाचशे. काही जण एका हंगामात लाख डॉलरच्या वर कमावतात, चेष्टा नाही. या बक्षीस-कार्यक्रमवाल्यांचा दावा असा की जात संपवायची नाहीच. दर वर्षी मोठ्यांतले दहा ते वीस टक्के काढले की पुरे, कारण पिल्लं खातात ते मोठेच. म्हणजे मोजूनमापून मारलं तर उपयोग होतो.

पण पैसे कोण देतं बघा. बॉनव्हिल पॉवर, म्हणजे धरणांची वीज विकणारी संस्था. धरणांमुळे पाणी संथ झालं, सामनची पिल्लं साठून राहायला लागली, पाइकमिनोला आयतं मिळालं. धरण पाडता येत नाही, मग मासा मारा.

आणि बासभक्त, हे खास तुमच्यासाठी. त्याच नदीत स्मॉलमाउथ बास बाहेरून आलेला आहे आणि तोही सामनची पिल्लं खातो. वॉशिंग्टन आणि ओरेगॉनने कोलंबियात बासवरची मर्यादाच काढून टाकली. कितीही न्या. आमच्याकडे तुमचा देव हाच गुंड आहे.

कट्ट्यावरचा
बासभक्त, इनो घ्या.

ओसाकाकर
सईच्या पुढे. जपानमध्ये लार्जमाउथ बास १९२५ मध्ये आशिनोको तळ्यात आणून सोडला. आज तो कायद्याने परकीय उपद्रवी. बिवा तळं ज्या शिगा प्रांतात आहे, तिथे २००३ पासून बास किंवा ब्लूगिल पकडला तर परत पाण्यात सोडायला मनाई आहे. काठावर चक्क पेट्या ठेवल्यात, मासा त्यात टाकायचा. म्हणजे पोटोमॅकवाल्यांचे मित्र स्नेकहेडचं जे करतात ते इथे बासचं करायचं, फक्त झुडपाऐवजी पेटीत. शिस्तप्रिय देश.

ब्लूगिलची कथा तर भारीच आहे. १९६० मध्ये युवराज अकिहितो शिकागोला गेले, तिथल्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. ते संशोधनासाठी दिले गेले आणि पुढे तळ्यांत पसरले. २००७ मध्ये सम्राट म्हणून त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. आणि २००९ मध्ये जगातल्या सर्वात मोठ्या बासच्या विक्रमाशी बरोबरी करणारा मासा कुठे सापडला? याच बिवात. २२ पौंडांच्या वर.

बासभक्त
कोलंबिया आणि बिवा दोन्ही ठिकाणी बास बाहेरचा आहे. इथे पोटोमॅकमध्ये तो घरचा आहे. घरच्याला राखायचं, बाहेरच्याला हाकलायचं. माझं तत्त्व तुमच्या उदाहरणांनी उलट पक्कंच झालं.

मीरा_जलचर
बासभक्त, पोटोमॅकमध्ये बास घरचा नाही.

१८५४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत घालून स्मॉलमाउथ बास व्हीलिंगहून डोंगर ओलांडून आणले आणि कंबरलंडला पोटोमॅकमध्ये सोडले. लार्जमाउथही पुढे आणूनच सोडलेला. तो मूळचा ॲपलेशियनच्या पलीकडच्या आणि दक्षिणेकडच्या नद्यांचा मासा. तुमच्या स्पर्धेतला मासा रेल्वेने आला, स्नेकहेड बहुधा गाडीच्या डिकीतून आला. दीडशे वर्षांचा फरक आहे, मान्य.

कट्ट्यावरचा
हसून हसून पुरेवाट. विनातिकीट प्रवासी.

बासभक्त
हे मला माहीत नव्हतं. तरी दीडशे वर्षांत माणसं नदीभोवती स्थिरावली, नदी त्याच्याभोवती स्थिरावली. 'तोही बाहेरचा' म्हणून आज नवीन येणाऱ्याला दार उघडं ठेवायचं का?

मीरा_जलचर
नाही ठेवायचं, आणि ते मी आधीच म्हटलं आहे. पण मग 'बाहेरचा' हे कारण देऊ नका. 'मला बास आवडतो' असं म्हणा. ते प्रामाणिक कारण आहे आणि त्यावर बोलता येतं.

आणि बास आवडतो ना, तर त्याला खरंच काय मारतं ते बघा. पाणवनस्पती गेल्या की पिल्लांना लपायला जागा उरत नाही. दुसरं, वसंतात नर बास घरट्यावर अंडी राखत बसतो. तेव्हा त्याला गळ लावून वर काढलात, फोटोपुरताच का होईना, की तेवढ्या मिनिटांत ब्लूगिल घरट्यावर तुटून पडतात. सोडलेला नर परत येतो तेव्हा बरीच अंडी संपलेली असतात. कधी तो घरटं सोडूनच देतो. आणि ब्लूगिल कोण खातो? बोफिन, गार, स्नेकहेड, बास. शिकारी कमी केले की ब्लूगिल माजतात, खुजे राहतात आणि अंड्यांवर धाड घालतात.

पोटोमॅकवाला
हा घरट्याचा मुद्दा आमच्या गटात कुणी कधी काढलेला नाही. एप्रिल-मेमध्ये उथळ पाण्यात घरट्यावरचे बास काढणं ही तर आमच्याकडे कौशल्याची गोष्ट समजतात.

चढणीचा_मासा
जाता जाता, हे वाचून आपल्याकडचं आठवलं. पहिल्या पावसात गाबोळीने (अंड्यांनी) भरलेले मासे ओढ्याने वर चढतात आणि आपण अख्खं गाव घेऊन, पाट्या-टोपल्या लावून तेच पकडतो. चढणीचे मासे म्हणून कौतुकाने खातो. माझं आयडीच त्यावरून आहे. नंतर ओरडतो, 'ओढ्यात पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत हो.' मग बाहेरून आलेल्या चिलापीला आणि मांगूरला शिव्या देतो. त्या दोघांनी नुकसान केलंय, नाही असं नाही. पण गाबोळी चिलापीने तळून खाल्ली नव्हती.

खवय्या_सोलापूरकर
गाबोळीवर बोलायचं नाही. भावना दुखावतात.

जाता जाता, गारची गाबोळी कशी लागते?

मीरा_जलचर
नको!! गारची अंडी माणसाला विषारी असतात. मांस खातात लोक, दक्षिणेकडे आवडीने, अंडी नाही. खवले इतके कठीण की साध्या सुरीने हात टेकावे लागतात. पत्रा कापायच्या कात्रीने पाठीवरून चीर देतात.

ह्यूस्टनचा_बाबू
गारबद्दल मी लिहितो, टेक्सासचा हक्क आहे. इथे ॲलिगेटर गार असतो, माणसापेक्षा लांब होतो. १९३०च्या दशकात सरकारनेच पाण्यात वीज सोडून गार मारणारी बोट चालवली होती, खेळाच्या माशांचा शत्रू म्हणून. बाकी राज्यांतही तीच गत. इलिनॉयमध्ये तो १९९४ मध्ये नामशेष जाहीर झाला. आता तेच इलिनॉय २०१० पासून गार आणून नद्यांत सोडतंय. आणि आमच्याकडे २००९ पासून माणशी दिवसाला एकच गार.

कारण साधं आहे. मादीला अंड्यावर यायला दहाएक वर्षं लागतात, आणि जगतो पन्नासच्या वर. झुडपात फेकलेला मोठा गार तुमच्या नातवाच्या वेळी भरून येईल. शिवाय पोटं फाडून पाहिलं की बहुतेक शॅडसारखे हलके मासे निघतात. बास क्वचित.

बासभक्त
बरं. बोफिनचा पोटाखालचा पर बघून सोडेन, हे कबूल. स्नेकहेड सोडणार नाही. घरट्यावरच्या बासबद्दल विचार करेन, पण आमच्या वसंतातल्या स्पर्धा त्यावरच उभ्या आहेत, त्यामुळे वचन देत नाही. गार आमिष फाडतो, दोर तोडतो, त्याच्याशी माझं व्यक्तिगत वैर आहे.

ह्यूस्टनचा_बाबू
वैर ठेवा. दणका नको. लांब चिमटा घ्या आणि गळ कापून सोडा.

पोटोमॅकवाला
सगळ्यांचे आभार. मी गटासाठी एक कागद करतोय. बोफिन आणि स्नेकहेडची चित्रं शेजारी शेजारी, खालच्या परावर बाण, आणि मोठ्या अक्षरात: स्नेकहेड मारलात तर बर्फाच्या पेटीत, झुडपात नाही. मीराताई, छापण्याआधी एकदा नजर घालाल का?

मीरा_जलचर
जरूर, व्यक्तिगत निरोप करा. जबड्याखालच्या पट्टीचं चित्रही घाला, अंधारात तीच कामाला येते.

खवय्या_सोलापूरकर
कागदाच्या मागच्या बाजूला काळ्या मसाल्याची कृती छापा. इंग्रजीत मी करून देतो.

चंद्रभागा
आणि राखेचं काय सांगणार त्यांना?

खवय्या_सोलापूरकर
जाडं मीठ चालेल. बार्बेक्यूची कोळशाची राख नको, तिच्यात काय काय असतं.